बार्राचे पा

पेशंटला व्हीलचेअरवर बसवलं की कुठलाही पोर्टर आधी ब्रेक काढतो. पा आधी पुढे यायचे. गुडघे कुरकुरत असले तरी पेशंटच्या समोर वाकायचे, स्वतःचं नाव सांगायचे, त्याचं विचारायचे आणि मगच मागे जाऊन खुर्चीला हात लावायचे. मागून कुणीतरी आपल्याला ढकलतंय आणि त्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही, याची माणसाला भीती वाटते, असं त्यांचं म्हणणं होतं. वाटेत जिथे लिफ्टचा उंबरा लागेल, फरशी उंचसखल असेल, तिथे चाक चढायच्या आधी ते हलकेच सांगायचे, "लाट." सांगायचे अर्थात इंग्रजीत, पण मला ते आता मराठीतच ऐकू येतं. वॉर्डपासून आमच्या तळघरातल्या एक्स-रे विभागापर्यंत अशा पाच लाटा होत्या. आणि ऐंशीच्या घरातली, मांडीचं हाड मोडलेली बाईसुद्धा माझ्या दारात हसत पोचायची.

मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे, म्हणजे एक्स-रे काढणारी. आमच्याकडे पेशंट आणणाऱ्या पोर्टरांमध्ये पा सर्वांत वयस्क आणि सर्वांत संथ. 'पा' हे त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या देशात वडीलधाऱ्यांच्या नावाआधी हा शब्द लावतात. आमच्याकडे पुढचं नाव गळून पडलं आणि नर्सपासून सर्जनपर्यंत सगळ्यांचे ते नुसते पा झाले. माझा स्वभाव तापट, त्यात माझी पेशंटची लिस्ट रोज उशिरा चाललेली. पहिली दोन वर्षं मला पांचा रागच यायचा, हे आधीच सांगून टाकते. एकदा तर मी त्यांना, खुर्चीला चाकं असतात ती फिरवायला असतात, असं सुनावलंही होतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला तितक्याच सावकाश आणलं.

ही लाटेची काय भानगड आहे, हे मी एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून दोघं अडकून उभे होतो तेव्हा विचारलं. पा गांबियातल्या बार्राचे. गांबिया नदी समुद्राला मिळते तिथे एका काठावर राजधानी आणि समोरच्या काठावर बार्रा. मधलं पाणी ओलांडायला फेरीबोटीला तासभर लागतो, कधी त्याहून बराच जास्त. ज्यांना थांबवत नाही ते लांबलचक लाकडी होड्यांतून जातात. या होड्या काठाला लागत नाहीत, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात. मग माणसांना, बोचक्यांना, शेळ्यांना खांद्यावर घेऊन होडीपर्यंत पोचवणारे लोक असतात. पा तरुणपणी हेच काम करत. खांद्यावर बसलेला माणूस भीतीने डोळे मिटून घेतो, त्यामुळे लाट येतेय हे त्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो दचकतो आणि दोघंही पाण्यात. आयुष्यात एकालाच पाडलं, म्हणाले, तो जकातीचा अधिकारी होता. ते चुकून झालं की मुद्दाम, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता मी दाभोळची. वाशिष्ठीच्या तोंडाशी, खाडीच्या वासात वाढलेली. आमच्याकडे जेटी नव्हती तेव्हा पडाव नावाच्या होड्यांतून उतरणाऱ्या बायकांना खलाशी उचलून कोरड्या वाळूवर ठेवत, हे वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. मी हे सांगितल्यावर पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू इतकी वर्षं मी हे लपवून ठेवलं होतं. त्यानंतर मी त्यांच्या लेखी हॉस्पिटलमधली बाई राहिले नाही, पलीकडच्या काठावरची मुलगी झाले. भरती कुठल्या वेळेला, मासा कुठला, किल्ला आहे का, सगळं विचारून झालं. किल्ला त्यांच्याकडेही होता. गुलामांची जहाजं अडवायला इंग्रजांनी बांधलेला, नदीच्या तोंडावर तोफा रोखलेला. पा म्हणायचे, "माणसं बाहेर नेऊ नयेत म्हणून तोफा लावल्या. आम्ही मग विमानाने गेलो."

पांच्या नमस्काराला मी सर्वांत जास्त वैतागायचे. त्यांच्याकडे भेटल्यावर नुसतं 'कसे आहात' म्हणून भागत नाही. घरची माणसं कुठे आहेत, असं विचारायचं. उत्तर ठरलेलं, तिथेच आहेत. मग आई कुठे आहे? तिथेच आहे. मुलं? तिथेच आहेत. काम? आहे. शरीर? शांतता, फक्त शांतता. एवढं सगळं रोज सकाळी, ट्रॉलीवर पेशंट ताटकळत असताना. मी दुसऱ्या प्रश्नालाच "हो हो, सगळे तिथेच आहेत, पा" म्हणत त्यांच्या हातातला कागद ओढून घ्यायचे.

एका सोमवारी मी असाच कागद ओढला. घरची माणसं कुठे आहेत, हे त्या दिवशी मीच विचारलं होतं, घाईघाईत, औपचारिकता म्हणून. ते म्हणाले, "तिथेच आहेत." मी पेशंटला आत घेतलं. दुपारी चार वाजता दुसऱ्या एका पोर्टरकडून कळलं की पांची बायको शनिवारी बार्रात वारली. त्यांच्यात त्याच दिवशी दफन करतात, त्यामुळे निघण्यात अर्थच नव्हता. रविवारभर ते खोलीत बसून राहिले आणि सोमवारी कामावर आले. मी धावत त्यांच्याकडे गेले आणि रडत रडत त्यांनाच रागावले, की मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही, तिथेच आहेत असं का म्हणालात.

"तिथेच आहे ना ती," ते म्हणाले. "आणि बातमी नमस्कार संपल्यावर सांगायची असते, मुली. तू संपू दिलास कुठे?"

त्या दिवसापासून मी पांचा नमस्कार कधी तोडला नाही. लिस्ट उशिरा तर उशिरा. मॅनेजरने विचारलं तर मी सांगायचे, पेशंटची माहिती घेत होते. पाठोपाठ मलाही सवय लागली की सगळे प्रश्न संपल्यावर क्षणभर गप्प उभं राहायचं. काही बातमी असेल तर ती यायला जागा असावी म्हणून. बहुतेक दिवशी काहीच नसायचं. मग ते ब्रेक काढायचे.

बायको गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बांगड्याचं कालवण, भात, सोलकढी. त्यांनी भात असा कालवला की माझा नवरा, जो स्वतः पुण्यात वाढला आणि काट्यांना घाबरतो, बघत राहिला. माझी लेक ईरा तेव्हा सहा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिने ताटातला तुकडा डाव्या हाताने उचलला, आणि मी आणि पा एकाच वेळी, एकाच सुरात तिच्यावर ओरडलो. मी मराठीत, ते त्यांच्या भाषेत. शब्द वेगळे, पण ईराला दोन्ही कळले. तिने तुकडा खाली ठेवून विचारलं, "पा पण तुझ्यासारखी स्ट्रिक्ट आहे?" पा हसून हसून ठसकले. त्यांच्याकडेही डावा हात जेवायला नाही, द्यायला-घ्यायला नाही, कुणापुढे करायला तर नाहीच. मला त्याचा केवढा आनंद झाला होता. इतक्या लांबच्या माणसाशी आपलं इतकं जुळतं, याचा गर्वच म्हणा ना.

निघताना त्यांनी गुडबाय म्हटलं. ईरा म्हणाली, "असं नाही म्हणायचं, आई रागावते. येतो म्हणायचं." जाताना जातो म्हणायचं नाही, हे मी पांना समजावलं. जाणारा म्हणतो येतो, घरातला म्हणतो या. पांना ते फार पटलं. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी तीनदा घोकलं आणि बसस्टॉपपर्यंत म्हणत गेले. पुढे रोज ड्यूटी संपली की आमच्या दारातून डोकं आत घालून म्हणायचे, "येतो." मी आतून म्हणायचे, "या." एक्स-रे विभागातल्या वेल्श मुलीलाही ते पाठ झालं होतं.

पांना परत जायचं होतं. हे त्यांच्या बोलण्यात रोज यायचं. बायकोसाठी बार्रात दोन खोल्या बांधल्या होत्या, पडवीतून फेरी दिसते म्हणायचे. ती गेल्यावर तर त्यांना तेवढंच उरलं होतं. विमान उतरतं ते नदीच्या अलीकडे, पलीकडे जाणं हेच खरं घरी जाणं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. एकुलती एक मुलगी फातू कार्डिफला नर्स होती. ती म्हणायची, रिटायर झाल्यावर जा. रिटायर झाले तर म्हणाली, छातीचा खोकला बरा होऊ दे. पा पार्ट-टाइम येतच राहिले. थंडी संपली की जातो, असं त्यांनी तीन थंड्यांत सांगितलं.

तिसऱ्या थंडीत ते माझ्याकडे आले ते खुर्चीत बसून. ढकलत होता एक नवा पोर्टर, कानात इअरफोन घातलेला. माझ्या दाराचा उंबरा ही वाटेतली पाचवी लाट. मी पुढे झाले, खुर्ची त्याच्या हातातून घेतली, पांच्या समोर वाकले आणि मग मागे जाऊन म्हटलं, "लाट, पा." ते हसले. हसताना खोकले, आणि तो खोकला मला आवडला नाही.

छातीचा एक्स-रे. दोन मिनिटांचं काम. स्क्रीनवर चित्र उमटलं. वीस वर्षं मी हेच बघत आले आहे, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण आम्हाला पेशंटला काही सांगायची परवानगी नसते. रिपोर्ट डॉक्टर देणार. मी तातडीची खूण करून चित्र पुढे पाठवलं, चेहरा सावरला आणि बाहेर आले. ज्या माणसाने हजारो पेशंट माझ्या दाराशी आणून सोडले होते आणि हजारदा मला त्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं होतं, त्याच्यापुढे माझा सावरलेला चेहरा काय टिकणार?

पांनी काही विचारलं नाही. त्यांनी नमस्कार सुरू केला. घरची माणसं कुठे आहेत? तिथेच आहेत. ईरा कुठे आहे? तिथेच आहे. तिचा बाप? काम? आई दाभोळला कशी आहे? मी एकेकाला उत्तर देत होते आणि मनातून म्हणत होते, आणखी विचारा, आणखी कुणाचं तरी विचारा. पण प्रश्न संपले. बातमीची जागा आली. आम्ही दोघंही तिथे येऊन थांबलो आणि मी तोंड उघडू शकले नाही.

"बरं," पा म्हणाले. "म्हणजे आता थंडी संपायची वाट बघायला नको."

पुढचं डॉक्टरांनी सांगितलं. उपचारांनी काही महिने मिळाले असते, ते इथल्या बेडवर. पांना ते नको होते. फातू आधी भांडली, मग रडली, मग तिने रजा काढून दोघांची तिकिटं काढली. त्यांना नदी ओलांडायला मिळते की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो दिवसागणिक अवघड होत होता. दर दोन दिवसांनी मी वॉर्डात जाऊन बघायचे, आज जिना चढतील का, आज विमानात बसवतील का.

निघायच्या आदल्या दिवशी ते सगळ्यांचा निरोप घ्यायला आले. कोट दोन माणसांचा वाटावा इतका सैल झाला होता. माझी लिस्ट नेहमीसारखीच तुंबलेली, कॉरिडॉरमध्ये तीन ट्रॉल्या. मी हातमोजे काढत बाहेर आले. पांनी नमस्कार पूर्ण केला, मी पूर्ण होऊ दिला. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. डावा.

मला वाटलं, उजव्या हातात त्राण नाही. किंवा औषधांनी भान सुटतंय. मला भडभडून आलं. ज्या माणसाने माझ्या लेकीला डाव्या हातावरून दटावलं त्याच्यावर ही वेळ यावी, आणि उद्या गावी गेल्यावर चार लोकांत त्यांनी असाच डावा हात पुढे केला तर लोक काय म्हणतील. मी तो हात हळूच खाली केला, ईराचा करते तसा. आणि त्यांचा उजवा हात शोधून माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मला वाटलं, मी त्यांची लाज राखली.

पा आमच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले. मग "येतो," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आतून हाक आली की पेशंटला चक्कर येतेय. मी मानेनेच हो केलं आणि आत पळाले. बाहेर येऊन पाहिलं तर कॉरिडॉर रिकामा होता.

दोन महिन्यांनी फातू आली. चाळिसाव्या दिवसाच्या दानधर्मासाठी ती पुन्हा बार्राला निघाली होती, त्याआधी वडिलांचं लॉकर रिकामं करायला नॉटिंगहॅमला उतरली. तोवर मला तिने काही कळवलं नव्हतं, मीही विचारायला घाबरत होते. ती दारात उभी राहिली आणि मी तिला विचारलं, घरची माणसं कुठे आहेत? ती म्हणाली, तिथेच आहेत. बाबा कुठे आहेत? "तिथेच आहेत," ती म्हणाली. मी एकही प्रश्न गाळला नाही. सगळे संपल्यावर आम्ही दोघी थांबलो आणि मग तिने बातमी सांगितली.

ते पोचले होते. विमानतळावरून धक्क्यावर गेले तर फेरी नुकतीच सुटलेली, पुढची कधी ते कुणी सांगेना. फातू म्हणत होती रात्र अलीकडेच काढू. पा ऐकेनात. शेवटी होडी केली. एका दणकट माणसाने त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. पांचं वजनच उरलं नव्हतं, तो म्हणाला की शेळी जड असते. आणि पा वरून, प्रत्येक लाटेला, त्यालाच सांगत होते, लाट. पलीकडच्या काठावरही तसंच. त्यानंतर तीन आठवडे ते पडवीत फेरी बघत पडून होते.

मला बरं वाटलं. रडत होते, पण बरं वाटलं. मग मी फातूला सहज म्हणाले, की शेवटी शेवटी त्यांचा उजवा हात गेला होता का, माझ्यापुढे त्यांनी डावा केला होता.

मग फातूने सांगितलं. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस त्यांच्याकडे मुद्दाम डावा हात देतो. डावा हात देणं हा अपमान. तो तसाच ठेवायचा. कारण केलेली चूक नीट करायला दोघांना पुन्हा भेटावंच लागतं. पांनी हॉस्पिटलमध्ये फक्त दोघांपुढे डावा हात केला होता. एक त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलेला पोर्टर, तोही त्यांच्याच देशाचा. आणि दुसरी मी.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"शी पुट इट राइट टू सून, म्हणाले." फातूने माझी नजर चुकवली. "रागावले नव्हते हो. म्हणाले, तिला कसं माहीत असणार. तिने लगेच नीट करून टाकलं, आता तिच्याकडे माझं काही राहिलं नाही. म्हणून मग मी तिच्या पद्धतीने येतो म्हटलं. तेवढं तरी राहू दे."

मी त्यांना सांगितलं होतं की येतो म्हटल्यावर घरातल्या माणसाने या म्हणायचं असतं. त्यांनी माझ्या घराची रीत पाळली. मी त्यांची मोडली, आणि माझी स्वतःचीही पाळली नाही. या लिहिण्यात मी स्वतःला कुठे माफ केलंय असं दिसलं तर ते खोटं आहे. एक शब्द होता, एका अक्षराचा. चक्कर आलेला पेशंट चांगला खुर्चीत बसलेला होता, तो एक श्वासभर थांबला असता.

फातूला स्टेशन गाठायचं होतं. तिने निरोपाला उजवा हात पुढे केला, अनोळखी माणसाला देतात तसा. मी माझा डावा पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं, लॉकरमधल्या वस्तूंची पिशवी खाली ठेवली आणि तिचा डावा हात माझ्या हातात दिला. बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो. मग ती लिफ्टमध्ये गेली.

दार लागल्यावर मी "या" म्हटलं. फातूला ते ऐकू गेलं नाही. तिच्यासाठी नव्हतंच ते.